डब्याच्या तळाची चिठ्ठी

गादीवाल्यांच्या घरात सकाळ घड्याळाने होत नसे, किटलीच्या खोकल्याने होई. साडेसहाला पहिली फेरी, अंथरुणातच. मग बेसिनपाशी दुसरी, मोठी, आतलं ओलं सगळं उपसून काढणारी. ती संपली की आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, "झाली का आतून आंघोळ? आता बाहेरून कर."

किटली नऊ वर्षांची. तिच्या छातीला कान लावला तर उकळी फुटायच्या बेतात असलेल्या पाण्यासारखं आत खदखदायचं, म्हणून ती दोन वर्षांची असताना बापाने हे नाव ठेवलं. ते तिला असं चिकटलं की शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी घेताना कधीतरी चुकून तेच म्हणून जायच्या. लपाछपीत ती एकदाही जिंकली नव्हती. कपाटात लपो नाहीतर गाद्यांच्या थप्पीमागे, राज्य असलेल्याचे आकडे संपायच्या आत झाकण वाजायचंच. नाक बारा महिने वाहतं, एक कान सारखा फुटलेला, त्यामुळे बोलणारा कुठल्या बाजूला उभा आहे ते आधी बघून घ्यायची. पण पोरगी हसरी. म्हणायची, "मी खोकले नाही तर आईला वाटेल मी घरातच नाही."

या खोकल्याचं कारण घरात सगळ्यांना पाठ होतं. कापूस. जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, नव्या खोळीत भरून टाके घालायचे, हा घरचा धंदा. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. लेकीपायी बापाने पिंजायचं यंत्र घरातून उचलून मागच्या शेडमध्ये नेलं. दाढीत तंतू अडकतात म्हणून लग्नाआधीपासून राखलेली दाढी काढली. अंगावरून पाणी घेऊन कपडे बदलल्याशिवाय तो लेकीला हात लावत नसे. धूळ टळली, खोकला टळला नाही. मग घरच्यांनी ठरवलं की उरलीसुरली धूळ असणार कुठेतरी, आणि आजी दिवसातून चारदा ओलं फडकं फिरवू लागली.

गादीवाली म्हणजे किटलीची आई. टाके घालायचं काम तिचं. वीतभर लांब सुई, अंगठ्याला चामड्याची टोपी, आणि जाड गादीच्या आरपार एका दमात जाणारा टाका. गादी तयार झाली की ती वेताच्या छडीने चारी अंगांनी बदडायची, मग कुठे कापूस सारखा बसायचा. हात असे दणकट, पण बोलणं अगदी कमी. लग्नाआधी ही घरात सगळ्यांत बडबडी होती, असं तिची बहीण सांगायची, आणि ऐकणाऱ्याला ते खोटं वाटायचं.

त्या दिवशी सुट्टी होती. दूध उतू जायच्या बेतात होतं, किटलीची दुसरी फेरी चालू होती, आणि दारावर टकटक झाली. तीनदा, बोटाच्या पेरांनी. बेल असताना दार वाजवणारा माणूस गल्लीत एकच, फोटोकाका.

फोटोकाका कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे. तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतलेली, आत कोणी असेल तर उजेड जाऊ नये म्हणून आधी दार वाजवायची सवय, ती आता जन्माची झालेली. किटलीच्या छातीचे फोटो तेच काढायचे, म्हणून हे नाव तिनेच त्यांना दिलं. भेटले की नमस्काराच्या जागी म्हणायचे, "श्वास घ्या, धरा, सोडा." किटली तेवढ्यापुरता खरोखर धरायची आणि मग खोकत सुटायची.

आज ते काहीच म्हणाले नाहीत. अर्ध्या शिवलेल्या गादीच्या कडेला टेकले, पिशवीतून मोठं पाकीट काढलं आणि म्हणाले, "वहिनी, दादांनाही बोलवा."

मागचं यंत्र बंद झालं. गादीवाला हात झटकत दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला, कारण अंगावर कापूस होता.

मग फोटोकाकांनी सांगितलं ते असं. पूर्वी फिल्म असायची. कुठली बाजू उजवी ते कळावं म्हणून फोटो काढताना शिशाचं एक अक्षर चिकटवायचं, ते फिल्मवर उमटायचं. चार वर्षांपूर्वी किटलीची पहिली फिल्म धुऊन उजेडात धरली तर काळीज उजव्या बाजूला दिसलं. त्यांना वाटलं, आपण अक्षरच चुकीच्या बाजूला लावलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असली चूक झाली नव्हती. लाज वाटली. त्यांनी ते अक्षर ब्लेडने खरवडलं, फिल्म पालथी केली आणि दुसऱ्या बाजूला शाईने लिहून टाकलं. डॉक्टरांना काळीज जागच्या जागी दिसलं. दोन वर्षांनी पुन्हा फोटो, पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी स्वतःला शिव्या घातल्या की या पोरीच्या वेळीच आपलं लक्ष कुठे असतं, आणि पुन्हा फिल्म उलटी केली. गेल्या महिन्यात दवाखान्यात नवं यंत्र आलं. त्यात चित्र सरळ पडद्यावर येतं, खरवडायला काही नाही, उलटायला काही नाही. परवा किटलीला ताप आला म्हणून फोटो काढला, तर काळीज उजवीकडे. म्हणून त्यांनी तिला परत उभी केली, स्वतः तिचे खांदे धरून सरळ केले. पुन्हा उजवीकडे.

"दोन्ही वेळा मला वाटलं माझं चुकलं," ते म्हणाले. "ते बरोबर होतं वहिनी. मी चूक नंतर केली."

दूध उतू गेलं. कोणी उठलं नाही. आजी पदराने हात पुसत बाहेर आली आणि विचारू लागली की पोरीचं काळीज सरकलं की काय, कधी सरकलं, पडली होती का कुठे. फोटोकाका म्हणाले, सरकलेलं नाही, जन्मापासून तिथेच आहे. डॉक्टरांना काल सगळं सांगितलं, त्यांनी मोठ्या हॉस्पिटलातल्या लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली आहे. आणि पाकीट त्यांनी गादीवर ठेवलं. त्यांना रागवून घ्यायचं होतं, ते उघड दिसत होतं.

गादीवालीने त्यांना चहा करून दिला. राग तिला आला नाही असं नाही, पण तो काढायला तिच्याकडे तोंड नव्हतं. किटली कुशीत झोपली की ठोके भलत्याच बाजूला लागतात, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आईच्या अंगाला सगळीकडूनच ठोके लागत असतील, असं समजून तिने ते कोणाला विचारलं नव्हतं. आपल्याला जे जाणवतं ते खरं असतं, यावरचा तिचा विश्वास चौदा वर्षांपूर्वीच उडाला होता.

चौदा वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला होता. पूर्ण दिवसांचा, चांगला तीन किलोचा. दुसऱ्या दिवसापासून त्याचा श्वास भराभर चालायला लागला, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची. तिने नर्सला दाखवलं. नर्स म्हणाली, तान्ही मुलं असाच श्वास घेतात, पहिलटकरणीला सगळंच वेगळं वाटतं. चौथ्या दिवशी सकाळी तिने त्याला आडवं पडून पाजलं, टाके दुखत होते म्हणून. डोळा लागला. जाग आली तेव्हा तो निळा पडला होता. दवाखान्याने चिठ्ठी दिली, तिच्यावर एक ओळ: दूध श्वासनलिकेत गेल्याने.

ती चिठ्ठी सासूबाईंनी, म्हणजे किटलीच्या आजीने, बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवली. घरातले सगळे कागद त्या डब्यात असत. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि कागदावर त्यांचा फार विश्वास. तोंडाचं बोलणं हवेत जातं, कागद राहतो, असं त्यांचं मत.

त्या वाईट नव्हत्या. त्या दिवसापासून आजपर्यंत सुनेला त्यांनी एका शब्दाने दुखवलं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. फक्त किटली झाल्यावर, प्रत्येक वेळी ती पाजायला घेताना, सासूबाई हातातलं काम टाकून यायच्या, तिच्या पाठीशी उशी लावायच्या आणि म्हणायच्या, "बसून पाज." दिवसातून आठ वेळा, दीड वर्ष. बाकी त्या मुलाचं नाव घरात निघायचं नाही. तसं नावही कुठे ठेवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, पहिलीच का ही, की सासूबाई आधीच उत्तर द्यायच्या, "हो, पहिलीच." अपशकुन नको, हा त्यातला भाव. नऊ वर्षांत किती डॉक्टरांनी विचारलं असेल, सगळ्यांच्या कागदावर किटली पहिली आणि एकुलती.

मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. चौघं गेली, आजीच्या मांडीवर डबा. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी किटलीच्या छातीवर आधी उजवीकडे नळी लावली आणि म्हणाल्या, "अरे वा, तू इथे राहतेस होय." किटली खूश झाली. मग त्यांनी एक लांबलचक फॉर्म काढला. खोकला कधीपासून. जन्मापासून. मध्ये थांबतो का. नाही. जन्मल्यावर काही त्रास. हो, सहा दिवस काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर होती, फुप्फुसात पाणी राहिलंय म्हणाले होते. कान, नाक, ताप. सगळ्याची उत्तरं बाप देत होता.

"भावंडं?"

"एकुलती एक," सासूबाई म्हणाल्या.

गादीवाली टेबलाच्या अलीकडे बसली होती. तिला फॉर्म उलटा दिसत होता. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक त्या रकान्यात टेकवलं आणि शून्य काढायला सुरुवात केली. शून्याची दोन टोकं जुळायच्या आधी ती म्हणाली, "आधी एक होता."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, काय झालं होतं त्याला. तिने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासूनचा श्वास, आत ओढली जाणारी कातडी, चार दिवस. चौदा वर्षांत तिने एवढं सलग पहिल्यांदाच सांगितलं, आणि सांगताना ती टाके मोजत असल्यासारखी एकेका बोटावर अंगठा टेकवत होती.

"त्याच्या श्वासात दूध गेलं होतं," सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "कागद आहे." आणि त्यांनी डबा उघडून, किटलीचे सगळे कागद बाजूला सारून, तळाची पिवळी पडलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती वाचली. घडी होती तशी घातली आणि परत दिली. आणि फॉर्मवरचं ते अर्धं शून्य खोडून त्यांनी एक लिहिला.

मग तपासण्या. नाकात नळी धरून किटलीने एका यंत्रात श्वास सोडला. त्यात एक वायू पुरेसा दिसायला हवा, तो जवळजवळ नव्हताच. मग नाकात बारीकसा ब्रश फिरवून आतला नमुना घेतला. ती शिंकली, रडली, आणि रडता रडता विचारलं की दात बाहेर आहेत, मग ब्रश आत कशाला. नमुना दुसऱ्या शहरात जाणार होता, तिकडच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली. रक्तही जाणार होतं. तीन महिने लागतील, म्हणाल्या.

त्या तीन महिन्यांत घरात काही बदललं नाही, आणि हेच अवघड होतं. खोकला तोच, फडकं तेच. दर रविवारी तीनदा टकटक व्हायची, फोटोकाका दारातच उभे राहून विचारायचे, आलं का काही, आणि नाही म्हटलं की चपला न काढता परत जायचे. सासूबाई सुनेशी आधीसारख्याच बोलायच्या, पण त्या "आधी एक होता"चा विषय नाही. एकदा फक्त भाजी निवडता निवडता म्हणाल्या, परक्या माणसासमोर घरातलं काढायची गरज नव्हती. गादीवालीने सुईत दोरा ओवला. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि तिची तिलाच लाज वाटत होती. लेकीला मोठा आजार निघू नये अशी प्रार्थना करायची, तर मनाच्या तळाशी कोणीतरी म्हणत होतं, निघू दे. निघाला तर कदाचित ते दूध नसेल. अशा वेळी ती छडी घ्यायची आणि तयार झालेली गादी पुन्हा बदडत बसायची.

निकाल आला त्या दिवशी कानाची तपासणीही होती. सासूबाई किटलीचा हात धरून तिकडे गेल्या आणि आत नवरा-बायको दोघंच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी संगणक त्यांच्याकडे वळवला. म्हणाल्या, आपल्या श्वासाच्या नळ्यांना आतून डोळ्यांना न दिसणारे केस असतात, एकमेकांना लागून, लाखो. ते सारखे हलत असतात आणि आतला चिकटा, धूळ, जंतू वर ढकलून बाहेर काढतात. हे बघा, निरोगी माणसाचे. पडद्यावर एक कड लवलवत होती. मखमलीवरून तळहात फिरवला की लव जशी एका अंगाला निजते आणि पुन्हा उठते, तसं, न थांबता. गादीवालीला ते लगेच समजलं. मग दुसरं चित्र. हे तुमच्या मुलीचे. केस होते, सगळे उभे. मध्येच एखादा जागच्या जागी थरथरायचा. बाकी काही हलत नव्हतं. दोघं बराच वेळ बघत राहिली, जणू नीट बघितलं तर हलतील.

हा आजार दुर्मीळ आहे, डॉक्टरीणबाई सांगत होत्या, जन्मजात आहे. पोटात असताना कुठला अवयव कुठल्या बाजूला जायचा तेही असलेच केस ठरवतात. ते हलले नाहीत तर नाणं उडवल्यासारखं होतं, म्हणून काळीज उजवीकडे. त्याने तसा धोका नाही, धोका चिकट्याचा. तो आपणहून बाहेर येणार नाही, रोज काढावा लागेल. सकाळ-संध्याकाळ यंत्रातून वाफेसारखं खारं पाणी श्वासात ओढायचं, मग पोकळ ओंजळीने पाठ थोपटायची. कायम. हे केस हलवणारं औषध आज नाही.

"म्हणजे कापूस नव्हता," गादीवाला म्हणाला.

धूळ चांगली नाहीच, त्या म्हणाल्या, ती दूर ठेवलीत ते बरंच केलंत. पण कारण तो नव्हता. गादीवाल्याने गुळगुळीत हनुवटीवरून एकदा हात फिरवला आणि मान खाली घातली.

हे आलं कुठून, असं त्याने विचारलं. दोघांकडून, त्या म्हणाल्या. आईकडचा एक दोष आणि वडिलांकडचा एक. एकेकटा असला तर काही होत नाही, तुम्हालाही कळत नाही. दोन्ही एका मुलात आले की आजार. प्रत्येक बाळाच्या वेळी चारातली एक शक्यता. यात कोणी काही केलेलं नसतं.

गादीवाली इतका वेळ पडद्याकडे बघत होती. तिने विचारलं, "मग तो?"

कोण, असं डॉक्टरीणबाईंना विचारावं लागलं नाही. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या की पूर्ण दिवसांचं बाळ, दुसऱ्या दिवसापासून जलद श्वास, आणि पाठच्या बहिणीला हा आजार, हे सगळं बघता त्यालाही तेच असू शकेल. पण त्याची कुठलीच तपासणी झालेली नाही. नमुना नाही, रक्त नाही. आता कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही. तो दुधामुळे गेला नाही असं मला लिहून देता येणार नाही, त्या म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज आणखी खाली गेला.

गादीवालीने मान हलवली. तिला ते पटलं होतं. खरं बोलणाऱ्या माणसाशी हुज्जत घालता येत नाही. ती अंगठ्याने एकेक बोट टेकवत राहिली. दाराबाहेरून, लांबच्या कॉरिडॉरमधून, किटलीचं झाकण वाजत वाजत जवळ येत होतं, आणि त्याच्याबरोबर डबा घेतलेल्या सासूबाईंच्या चपलांची चाल.

ती पुढे सरकून बसली.

"मग नाही म्हणून लिहू नका," ती म्हणाली. "तो दुधामुळेच गेला असं सांगता येत नाही, एवढं एका कागदावर लिहून द्या. आमच्या सासूबाई डब्यात ठेवतील."